चार साचे आणि रविवारचा आवाज

९ फेब्रुवारी २०२५, डार्वेन

पहिली भेट झाली. ठरला होता एक तास, बसले अडीच तास. रेकॉर्डिंग मात्र पंचवीस मिनिटांचंच, कारण आजींनी आधी माझीच चौकशी केली. गाव कुठलं, आईवडील काय करायचे, इथली थंडी सोसते का. मुंबई म्हटल्यावर म्हणाल्या, "बॉम्बे. आमचं कापड तिकडे जायचं."

पुढे कधी ही वही कुणाच्या हाती पडली तर कळावं म्हणून थोडं लिहून ठेवते. डार्वेन हे लँकेशायरमधलं, ब्लॅकबर्नच्या दक्षिणेचं गिरणीगाव. इथल्या एका जुन्या चॅपेलच्या इमारतीत आता फ्लॅट होणार आहेत. त्याआधी तिथे वाढलेल्या माणसांच्या आठवणी ध्वनिमुद्रित करायचं काम गावातल्या काही लोकांनी हाती घेतलंय. आजी त्यांच्यातल्या सगळ्यांत वयस्कर, जानेवारी १९२४ चा जन्म. कुणाचंच नाव लिहायचं नाही असं ठरलंय. त्यांना हाक मी इकडच्या रीतीनं मारते, वहीत मात्र त्या आजीच.

मी यात पडले ती माझ्या नोकरीमुळे. दहा वर्षं मी कान तपासते. तपासणीचा आलेख सांगतो की या बाईला जवळपास काही ऐकू येत नाही, आणि ती बाई तर माझ्या प्रत्येक प्रश्नाला बरोबर उत्तर देते. अशा कितीतरी म्हाताऱ्या पाहिल्या. सगळ्या जुन्या विणकर, ओठ वाचणाऱ्या. कोविडमध्ये सगळ्यांच्या तोंडावर मास्क चढले तेव्हा या बायका खऱ्या अर्थानं बहिऱ्या झाल्या. तेव्हाच ठरवलं होतं की यांचं कुणीतरी नीट ऐकून ठेवायला हवं.

चॅपेल आणि चर्च यांतला फरक आजींनी पहिल्याच दिवशी समजावला. चर्च म्हणजे राजाच्या पंथाचं. ते न मानणाऱ्यांनी, मेथडिस्ट, बाप्टिस्ट, काँग्रिगेशनल लोकांनी, स्वतः वर्गणी काढून बांधलं ते चॅपेल. "त्यातली वीट न् वीट आमची होती," असं त्या म्हणाल्या. हे सांगताना हात छातीवर होता.

१६ फेब्रुवारी

आज घराबद्दल. वर दोन खोल्या, खाली दोन, संडास मागच्या अंगणात. घरात सहा माणसं. शुक्रवारी रात्री चुलीपुढे पत्र्याचं टब ठेवून आंघोळी, पाणी तेच, आधी लहान पोरं, शेवटी वडील.

आजींची आई १८९८ ची. बाराव्या वर्षी 'हाफ-टायमर' झाली, म्हणजे अर्धा दिवस गिरणी, अर्धा दिवस शाळा. एक आठवडा सकाळी सहाला गिरणीत आणि दुपारी शाळेत, दुसऱ्या आठवड्यात उलट. दुपारच्या वर्गात पोरं बाकावरच झोपायची. बाई उठवायच्या नाहीत, कारण त्याही गिरणीकामगाराच्या घरातूनच आलेल्या. १९१८ च्या कायद्यानं ही पद्धत बंद करायचं ठरलं. आजींना त्यामुळे चौदा वर्षांपर्यंत शाळा मिळाली. "आईपेक्षा दोन वर्षं जास्त. आणि तीही पूर्ण दिवस," हे त्यांनी दोनदा सांगितलं.

उंबरठ्याचं सांगताना त्या खुर्चीतून पुढे वाकल्या. दर शुक्रवारी दाराची दगडी पायरी घासायची, मग ओली असतानाच तिच्या कडेला 'डाँकी स्टोन' नावाच्या दगडानं पांढरा किंवा पिवळसर पट्टा ओढायचा. चिंध्या गोळा करणारा हातगाडीवाला जुन्या कपड्यांच्या बदल्यात तो दगड द्यायचा. पट्टा वाळेपर्यंत कुणी पाय ठेवला तर खैर नाही. उजवीकडून डावीकडे एका दमात ओढायचा, मध्ये थांबलं तर जोड दिसतो. आजींचा हात हवेत तसा सरळ गेला, थांबला नाही. माझी आजी सारवताना भिंतीकडून दाराकडे सरकायची, हात असाच अर्धगोल फिरवत. मला तेवढा वेळ प्रश्न सुचला नाही.

२ मार्च

गिरणीतला पहिला दिवस. १९३८, वय चौदा. मावशीच्या साच्यांवर शिकायला ठेवलं. (आमच्या गिरणगावात मागाला साचा म्हणतात, मी तोच शब्द लिहिणार. दुसरा हाताला येत नाही.) लोखंडी दार उघडलं आणि आवाज छातीवर आदळला. कानावर नाही, छातीवर, हे त्यांचेच शब्द. शेकडो साचे एका छपराखाली, प्रत्येकाचा धोटा (आडवं सूत इकडून तिकडे नेणारा) मिनिटाला दोनशेच्या आसपास फेऱ्या मारणारा. सूत तुटू नये म्हणून शेडमध्ये वाफ सोडलेली. खालच्या दगडी फरशीतून थरथर लाकडी तळाच्या बुटांत चढायची. त्या दिवशी त्या रडल्या. मावशीनं ओठ हलवून काहीतरी सांगितलं, ते कळलं नाही म्हणून आणखी रडल्या.

तीन महिन्यांत कळायला लागलं. या बोलण्याला इथे 'मी-मॉ' म्हणतात. आवाज काढायचाच नाही. तोंड मात्र मोठं करून प्रत्येक अक्षर ओठांवर आणायचं, सोबत भुवया, खांदे, बोटं. चार ओळी पलीकडच्या बाईशी गप्पा होत. कुणाचं लग्न, कुणाला दिवस गेले, कुणाचा नवरा काल पिऊन आला, सगळं. आणि जॉबर पाठीमागे उभा असला तरी त्याला पत्ता नाही. जॉबर हा माझा शब्द. इथे त्याला 'टॅकलर' म्हणत आणि त्याचं मुख्य काम साचे दुरुस्त करून चालते ठेवणं. मुंबईतल्या जॉबरसारखी भरती त्याच्या एकट्याच्या मर्जीवर नसे, पण साचा बंद पडला की बाईची मजुरीही बंद, म्हणून त्याची मर्जी सांभाळावी लागेच.

मजुरी कापडाच्या तुकड्यावर. आणि इथे एक गोष्ट मला फार मोठी वाटली. विणकामाचा दर बाईला आणि पुरुषाला एकच होता. १८९२ पासून दरांची छापील यादीच होती आणि ती युनियननं टिकवली. आमच्याकडे बायका नळी आणि रीळ खात्यातच जास्त. साच्यावर बाई उभी आहे असं आमच्या घरात कुणी पाहिलेलं नाही.

आजींना म्हटलं, मी-मॉ करून दाखवा. त्यांनी दाखवलं, छान दीड मिनिट. मीही मान डोलावत बसले.

३ मार्च

रात्री फाईल ऐकली. ते दीड मिनिट पूर्ण रिकामं आहे. घड्याळाची टिकटिक आणि एकदा त्यांच्या बांगडीचा आवाज. मी दहा वर्षं कानांचं काम करते आणि ओठांचं बोलणं ध्वनिमुद्रण यंत्रावर घ्यायला बसले. पुढच्या वेळेपासून व्हिडिओ. आजींच्या लेकीला फोन करून त्यांची परवानगी घेतली. त्यांची अट एकच, केस सेट करायला अर्धा तास आधी कळवायचं.

१६ मार्च

आज कपाटाच्या खालच्या कप्प्यातून फ्लॅनेलमध्ये गुंडाळलेला धोटा निघाला. पर्सिमनच्या लाकडाचा, दोन्ही टोकांना पोलादी टोपी, वीतभरापेक्षा बराच लांब, होडीसारखा पोकळ. हाताच्या तेलानं काळपट गुळगुळीत. एका बाजूला बारीक भोक.

त्यांनी मला सगळी कृती करून दाखवली. सूत गुंडाळलेली नळी धोट्याच्या पोटात बसवायची, सुताचं टोक आतून भोकाशी आणायचं, मग बाहेरून भोकाला ओठ लावून श्वास आत ओढायचा. सूत सटकन बाहेर येतं. याला त्या 'धोट्याची पापी घेणं' म्हणतात. नळी काही मिनिटांत संपते, साचे चार, म्हणजे दिवसातून शेकडो वेळा. सुताबरोबर तोंडात काय येई ते त्यांनी मोजून सांगितलं. तेल, कापसाची धूळ, खळ आणि रंगीत सूत असलं तर रंग. एकच धोटा आज या बाईच्या ओठांना, उद्या दुसरीच्या. क्षय असलेली बाईही त्याच रांगेत. हाताने सूत ओवायचे धोटे निघाले होते, पण इथल्या शेडमध्ये ही पद्धत १९५० नंतरही चालू होती. आजींचे वरचे सगळे दात चोविसाव्या वर्षी काढले. त्या म्हणाल्या, पुढचे दात आधी जायचे, दात पाहून विणकर ओळखू यायची.

मी धोटा हातात घेतला. भोकाची कड एका बाजूनं झिजून खोलगट झाली होती. लाकूड ओठांनी झिजतं हे मला खरं वाटेना, म्हणून बोट फिरवून पाहिलं. त्यांनी म्हटलं, "ओढून बघ." मी भोक तोंडाजवळ नेलं आणि थांबले.

का थांबले ते त्यांना सांगितलं नाही. इथे लिहिते.

माझे आजोबा मुंबईच्या एका गिरणीत त्रासन खात्यात होते. सूत कातायचं खातं. पस्तीस वर्षं. साचे खात्यात मजुरी जास्त होती, पण तिथे आमच्या लोकांना घेत नसत. कारण हेच भोक. आधीच्या विणकरानं ओठ लावलेला धोटा पुढचा तोंडाला लावणार, आणि तो आधीचा जर महार असेल तर बाकीच्यांना विटाळ होणार. गिरणगाव एक, संप एक, चाळीचा नळसुद्धा कधीकधी एक, पण धोटा नाही. १९२८ च्या मोठ्या संपात बाबासाहेबांनी पुढाऱ्यांपुढे हाच प्रश्न ठेवला आणि साचे खातं अस्पृश्यांना खुलं करायची मागणी संपाच्या मागण्यांत घ्यायला लावली. आमच्या घरी ही गोष्ट दर सहा डिसेंबरला कुणीतरी सांगतंच. मी ती लहानपणापासून ऐकलीय. पण ते भोक केवढं असतं हे मी आज पहिल्यांदा पाहिलं. तांदळाच्या दाण्याएवढं.

शेवटी मी ओढलं. सूत आलं नाही. आजी म्हणाल्या, गाल आत घे, लव्ह, पोटातून नाही, गालांतून. तिसऱ्या वेळी आलं.

२३ मार्च

रात्री आबांना, म्हणजे माझ्या वडिलांना, फोन केला. दादा (म्हणजे माझे आजोबा) साचे खात्याबद्दल काय म्हणायचे, असं विचारलं. आबा बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "अगं, ते खात्याच्या दारापर्यंत डबा पोचवायला जायचे. एका गाववाल्याचा. दारातून आत बघायचे आणि यायचे. आवाज आवडायचा त्यांना." आबा स्वतःही त्रासनमध्येच लागले, १९६६ ला बदली कामगार म्हणून. तेव्हा दार तेवढं बंद नव्हतं राहिलं, पण बापाच्या ओळखीनं नोकरी मिळायची ती बापाच्याच खात्यात.

आजींना हे सांगावं का, अजून ठरत नाही. काम त्यांच्या आठवणींचं आहे.

६ एप्रिल

चॅपेल. आजचं रेकॉर्डिंग सगळ्यांत चांगलं झालं, एक तास चाळीस मिनिटं.

रविवार म्हणजे सकाळी संडे स्कूल, मग उपासना, घरी जेवण, दुपारी पुन्हा संडे स्कूल, संध्याकाळी पुन्हा उपासना. हजेरीच्या कार्डावर तारा उमटवायचे, वर्षभर तारे पूर्ण भरले की पुस्तक बक्षीस. सातव्या वर्षी 'बँड ऑफ होप'च्या कागदावर सही केली, दारूला आयुष्यात स्पर्श करणार नाही अशी. ही चळवळ १८४७ ला लीड्समध्ये सुरू झाली आणि गिरणीगावांत घराघरांत पोचली. आजींनी ९४ वर्षं ती सही पाळलीय. शंभराव्या वाढदिवसाला राजाचं कार्ड आलं तेव्हाही ग्लासात आल्याचं सरबत होतं.

त्यांचं चॅपेल प्रिमिटिव्ह मेथडिस्टांचं, म्हणजे मजुरांचं, खाणकामगारांचं. वरच्या रस्त्यावर वेस्लियन मेथडिस्टांचं, तिथे दुकानदार, कारकून, व्यवस्थापक. सप्टेंबर १९३२ मध्ये लंडनला हे पंथ एक झाले. "लंडनला झाले," आजी म्हणाल्या, "आमच्या रस्त्यावर व्हायला तीस वर्षं लागली." बसायच्या बाकांचं भाडं असे. पुढचे बाक ज्यांना परवडतात त्यांचे, फुकटचे मागे. हे त्यांनी मी न विचारता सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज खाली गेला. प्रवचन मात्र कुणीही करू शके. एका रविवारी व्यासपीठावर सायझिंग (सुताला खळ लावायच्या) खात्यातला माणूस उभा असे, हाताला खळीचे चट्टे, आणि पुढच्या बाकावर बसलेला व्यवस्थापक त्याचं ऐकत असे. कित्येक युनियनवाले असेच बोलायला शिकले.

मग गाणं. मी विचारलं, नोटेशन वाचता येई का? नाही म्हणाल्या. 'सोल-फा' येई. भिंतीवर उभा लांब तक्ता, त्यावर खालून वर डो रे मी फा सो ला टी, शिक्षिका छडीनं एकेका अक्षरावर टेकवत जाई आणि पोरं ते सूर लावत. जॉन कर्वेन यांनी गरिबांच्या पोरांना गाता यावं म्हणून एकोणिसाव्या शतकात ही पद्धत गावोगाव नेली. पियानो नको, रेषा नकोत. आजी म्हणाल्या, डो कुठेही धरता येतो, तुझ्या गळ्याला पेलेल तिथे.

म्हणजे सा! काळी दोन धर, पांढरी चार धर, सा तुझा. मी त्यांना आमची सरगम म्हणून दाखवली. त्यांनी डोळे माझ्या ओठांवर ठेवले, आणि 'प'ला पोचले तशी त्यांनी 'सो' लावला. बारीक, थरथरता, पण जागेवर. मग आम्ही दोघी मिळून वर गेलो आणि खाली आलो. आमच्या चाळीतल्या गायन पार्टीचे पेटीवाले काका पोरांना असंच बसवून घ्यायचे, भीमजयंतीच्या आधी पंधरा दिवस. पेटीही शेवटी युरोपातूनच आलेली.

निघताना त्या एक वाक्य बोलल्या ते जसंच्या तसं लिहून ठेवते : "सहा दिवस तोंड हलायचं आणि आवाज नसायचा. सातव्या दिवशी आवाज यायचा, म्हणून आम्ही एवढ्या मोठ्यानं गायचो."

२६ एप्रिल

आज विषय त्यांनीच काढला. गांधी.

सप्टेंबर १९३१. गोलमेज परिषदेसाठी गांधीजी लंडनला आले होते, तिथून २५ तारखेला डार्वेनला आले, इथल्या डेव्हीस या गिरणीमालक कुटुंबाच्या निमंत्रणावरून. मुक्काम स्प्रिंग व्हेलला. २६ ला ग्रीनफील्ड मिलबाहेर गिरणीतल्या बायका त्यांच्याभोवती हात उंचावून उभ्या आहेत तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला असतो. आजी सात वर्षांच्या, आईचं बोट धरून गर्दीत मागे. त्यांना गांधी दिसले नाहीत, बायकांच्या शाली दिसल्या आणि मग एकदम उघडे पाय, सपाता घातलेले.

त्या वेळी निम्मं गाव बेकार. १९१३ ला या देशातून सुमारे ७०० कोटी यार्ड कापड बाहेर जाई, त्यातलं ३०० कोटी यार्ड एकट्या हिंदुस्थानात. पुढे महायुद्ध, जपानी माल, आमच्या मुंबई-अहमदाबादच्या गिरण्या, जकात आणि शेवटी बहिष्कार. आजींचे वडील १९३० पासून घरी बसलेले. फोटोतल्या बायका हसतायत तरी ते घराबाहेर पडले नाहीत. याच वर्षाच्या अखेरीस घरातल्या सगळ्यांची कमाई तपासून भत्ता ठरवायचा नियम आला. आई विणते म्हणून वडिलांचा भत्ता कापला गेला. तपासनीस आला तेव्हा त्यानं कपाटं उघडून बघितली. पेटी विकावी लागली. आजींनी यावर जास्त बोलायला नकार दिला, मीही पुढे विचारलं नाही.

आईची आठवण मात्र त्यांनी खुलवून सांगितली. आईनं वीस वर्षं 'धूटी' विणली होती. इथल्या विणकरांच्या बोलीत तो मालाचा एक प्रकार, पांढरं पातळ कापड, दोन्ही बाजूंना रंगीत काठ. ते कोण कसं नेसतं हे तिला कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्या दिवशी ती पुढपर्यंत घुसली, आणि रात्री जेवताना म्हणाली, "त्यांच्या अंगावरचं सूत एकसारखं नव्हतं. एक जाड, एक बारीक. हातानं कातलेलं. पण विणकर चांगला होता, काठ सरळ होते." एवढंच. राजकारणाबद्दल शब्द नाही.

गांधीजींचा विषय निघाला की माझ्या मनात दुसरं चित्र उभं राहतं. त्याच परिषदेला लंडनमध्ये बाबासाहेबही होते, आमचं म्हणणं मांडायला. वर्षानं पुणे करार झाला. आजींना मी पहिल्यांदाच आंबेडकर हे नाव सांगितलं. त्यांनी ते ओठांवरून पुन्हा म्हणून घेतलं. ते गिरणीत होते का, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, नाही, पण परळला गिरणी कामगारांच्या चाळीत बरीच वर्षं राहिले.

१० मे, बर्नली

क्वीन स्ट्रीट मिल बघून आले. १८९४ ची, वाफेवर चालणारी शेवटची विणशेड, आता संग्रहालय. दातेरी छपरं, उत्तरेकडून उजेड, खाली ३०० वर साचे ओळीनं. त्यातले थोडेच चालवून दाखवले. फोनवरचं मापक ९५ डेसिबलच्या वर गेलं. ८५ ला आम्ही कान झाकायला सांगतो. इथे सगळे साचे चालू असताना माणसं दिवसभर उभी असत. मी डोळे मिटले तर फरशी पायात शिरली, आजी म्हणाल्या होत्या तशी.

साच्याच्या बाजूच्या लोखंडावर कारखान्याचं नाव ओतलेलं असतं. आबा सांगायचे, मुंबईतही असेच, इंग्रजी अक्षरं उठलेली, ब्लॅकबर्न, ओल्डहॅम. वाचता येत नसताना पोरं त्यावरून बोट फिरवून अक्षरं शिकली.

ही गिरणी बंद पडली १९८२ मध्ये. पाटीवर ते साल दिसलं आणि मी तिथेच बाकावर बसले. १८ जानेवारी १९८२ ला आमच्याकडे संप सुरू झाला, अडीच लाख माणसं बाहेर पडली. आबा त्यानंतर पुन्हा आत गेले नाहीत.

८ जून

फक्त वीस मिनिटं. आजींना थकवा आहे. आज व्हिट संडे, मिरवणुकीचा दिवस असायचा. पांढरे फ्रॉक, रेशमी निशाण, त्याच्या दोऱ्या धरायला मुली निवडायच्या. नवे कपडे वर्षातून तेव्हाच. सकाळी शेजाऱ्यांच्या घरी जाऊन ते दाखवायचे आणि शेजारी खिशात एक पेनी टाकायचे. एका वर्षी वारा एवढा की निशाणासकट चार पोरी ओढल्या गेल्या. युद्धाच्या काळातलं (दारूगोळ्याच्या कारखान्यात फ्यूज बनवायचं काम) थोडक्यात घेतलं, ते पुन्हा विचारायला हवं.

लेकीनं सांगितलं, रात्री झोपेत त्यांचे ओठ हलतात. आवाज नसतो.

२२ जून

मी ठरवलं आणि आजींना सगळं सांगितलं. धोटा, विटाळ, दादा दारातून बघायचे ते. त्या मध्ये बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, तुझ्या वडिलांशी बोलायचंय.

बदलापूरला संध्याकाळचे साडेसात. आबांनी शर्टाची वरची गुंडी लावली होती. फोन मी टेबलावर उभा केला, दुभाषी म्हणून मध्ये बसले, पण सुरुवातीची पाच मिनिटं माझी गरजच पडली नाही. आजींनी चार बोटं दाखवली, मग हात डावीकडून उजवीकडे धोट्यासारखा फेकला. चार साचे. आबा हसले, तर्जनी आणि अंगठा एकमेकांवर चोळून तुटलेलं सूत जोडल्याची खूण केली. आजींनी मान हलवली, कानावर हात ठेवले. आबांनीही ठेवले. त्यांचाही उजवा कान गेलाय.

मग आजींनी मला विचारलं, आणि मी आबांना मराठीत विचारलं : "विणकरांना यांचा धोटा चालायचा नाही. आणि सूत? जे ते ओठांनी ओढायचे, ते सूत कुणाच्या हातचं होतं?"

आबा म्हणाले, "आमच्याच. नळीवरचं सूत त्रासनमधूनच यायचं ना."

"ते चालायचं?"

"ते चालायचं."

मी ते इंग्रजीत सांगितलं. आजी ओठांवरून आधीच समजल्या असाव्यात, कारण माझं वाक्य संपायच्या आत त्यांनी पडद्याकडे बघून डोकं हलवलं, सावकाश, दोनदा. आबाही तसेच बसून होते. मी कुणालाच काही विचारलं नाही.

व्हिडिओ फाईल १४, एकतिसावं मिनिट. दोन्ही भाषांत उतरवून काढायचं आहे. पुढच्या रविवारी पुन्हा फोन लावायचाय. त्रासनमध्ये एक माणूस यंत्राच्या किती बाजू सांभाळायचा आणि सूत तुटलं की चालत्या यंत्रावर कसं जोडायचा, हे आजींना नीट समजून घ्यायचंय. आबांनी दोऱ्याचं रीळ तयार ठेवतो म्हणून सांगितलंय.